सुई न जाणारं कपाट

मिस्त्रींना गल्लीत सगळे 'बिनफट' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मिस्त्रींना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांनी दोन फळ्या जोडल्या की मध्ये सुई जात नसे. हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हे, खरोखरच जात नसे. काम संपलं की ते कॉलरच्या मागे टोचून ठेवलेली सुई काढायचे, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घाला बघू, कुठे घालताय ती." गिऱ्हाईक बिचारं सुई घेऊन कपाटाला प्रदक्षिणा घालायचं, हरायचं, आणि हरल्याच्या आनंदात शेजाऱ्यांना कपाट बघायला बोलावून आणायचं.

माणूस सरळ, कामाला वाघ, पण फट म्हटली की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दार लागलं की पूर्ण लागलं पाहिजे. बरणीचं झाकण वाकडं बसलेलं दिसलं तर परक्याच्या घरातसुद्धा ते उठून नीट करायचे. त्यांची बायको औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभी असे, दिवसभर लोकांच्या खोकल्याच्या तक्रारी ऐके आणि घरी येऊन म्हणे, "अहो, तुमच्याशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? फटच सापडत नाही."

दोघांचंच घर. दुसऱ्या मजल्यावर, पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागे एक चिंचोळी खोली. त्या मागच्या खोलीत फ्रीज आणि मिस्त्रींची हत्यारं गुण्यागोविंदाने नांदत होती. तिथे सासूबाई राहायला आल्या.

सासूबाईंनी टेलिफोनच्या कचेरीत आयुष्य काढलं होतं. या माणसाची तार त्या माणसाला जोडून द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर मुलाकडे राहत होत्या, चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते चार जिने म्हणजे डोंगर झाले. तेव्हा, खरं तेच सांगायचं तर, "आईंना इकडेच आणू या" हे मिस्त्रींचेच शब्द. बायको म्हणायच्या आधी म्हणाले. हे पुण्य त्यांच्या खात्यावर आहे आणि पुढे जे झालं ते वाचताना ते विसरू नये.

मागची खोली रिकामी केली. हत्यारं पलंगाखाली गेली. फ्रीज स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आला आणि उघडावाघडा उभा राहिला. मिस्त्रींना ते सहन होईना. आठवडाभर खपून त्यांनी त्याला कपाट केलं.

कपाट म्हणजे काय कपाट होतं! जमिनीपासून छतापर्यंत एकसंध, दोन्ही बाजू फ्रीजच्या अंगाला चिकटून, पाठ भिंतीला भिडलेली. वायर जायला भोक होतं ते वायरीएवढंच, आणि तेसुद्धा वरून लांबीचा मसाला भरून बुजवलेलं. झुरळाला आत जायचं तर मिस्त्रींची परवानगी काढावी लागली असती. ते बघून गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी तसलंच कपाट करून घेतलं. मग शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी. मग कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्यांनी. मिस्त्रींचे पाय जमिनीला लागेनात.

आणि मग विजेचं बिल आलं.

पहिल्यांदा त्यांना वाटलं शेजाऱ्याचं आलंय. पुढच्या खेपेला आणखी चढलं. त्याच्या पुढच्या खेपेला पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. बायकोने कागद उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. औषधांच्या पुड्यांवरची अक्षरं वाचून तिची नजर तयार झालेली.

"वीज काही दुप्पट जळलेली नाही हो," ती म्हणाली. "दीडपट म्हणा फार तर. पण एका हद्दीपर्यंत दर स्वस्त आहे. ती ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटाला चढा दर. आपण हद्द ओलांडली, म्हणून एवढं फुगलंय."

"ओलांडली कोणी?" मिस्त्रींनी विचारलं.

प्रश्न साधा होता. पण जेवायला तिघं बसले होते आणि तिघांनीही एकदम आपापल्या ताटात बघितलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की लोक कावळ्याचं वजन करायला लागतात. सासूबाई आल्या आणि बिल चढलं, हे दिसत होतं. त्याच आठवड्यात फ्रीजही हलला होता, पण फ्रीज घरातला जुना माणूस. त्याच्यावर कोण संशय घेणार? काही गोष्टी न बोलताच घरभर होतात.

मिस्त्रींनी मग बिलाविरुद्ध आघाडी उघडली. जुने दिवे काढून कमी वीज खाणारे लावले, ते चांगलंच केलं. पण त्यानंतर ते घरात बोट पुढे करून फिरू लागले. दिसेल ते बटण बंद. बायको तोंडाला साबण लावून उभी असताना न्हाणीघरातला दिवा गेला, तेव्हा तिने आतून जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. टीव्हीची पिन काढून ठेवली जाऊ लागली. शेवटी त्यांनी गिझरच्या बटणावर एक लाकडी डबी बसवली. सुबक, घट्ट झाकणाची, खिटीवाली. "घाईगडबडीत कोणाचं बोट पडू नये म्हणून," ते म्हणाले. कोणाचं बोट, ते घरात सगळ्यांना कळलं.

सासूबाईंना तर सगळ्यांच्या आधी कळलं. त्या रेडिओ लावेनाशा झाल्या, म्हणाल्या, "बातम्या काय, त्याच त्या." संध्याकाळी खोलीत दिवा लावेनाशा झाल्या, म्हणाल्या, "डोळ्यांना बरं वाटतं अंधारात." डॉक्टरांनी गुडघा रोज शेकायला सांगितला होता, ती रबराची पिशवी बॅगेच्या तळाशी गेली. इकडे बिल काही हटेना. उलट दूधही टिकेना, नासायला लागलं, म्हणून बायकोने फ्रीजच्या आतली गारवा वाढवायची चकती शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली.

एका सकाळी तिने आईच्या ओल्या केसांतून कंगवा फिरवला आणि हात थांबवला. केस बर्फासारखे गार होते. त्या रात्री नवऱ्यात भांडायला फट सापडते की नाही हे बघत ती बसली नाही.

"माझी आई तुमच्या मीटरला भिऊन गार पाण्याने आंघोळ करते," ती म्हणाली.

"मी काही बोललो का त्यांना? एक शब्द तरी?"

"नाही बोललात. डबी बसवलीत."

दुसऱ्या दिवशी जेवताना सासूबाईंनीच विषय संपवला. म्हणाल्या, "रविवारी येतोय गं तुझा भाऊ, मला न्यायला. मीच बोलावलंय. बरेच दिवस झाले, नातवंडांची आठवण येते."

"आणि चार जिने, आई?"

"एकदा चढले की चढले. पुन्हा उतरायची भानगडच नाही. गुडघ्यालाही आराम." असं म्हणून त्या हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही. उतरायचं नाही म्हणजे काय, ते तिघांनाही कळत होतं. बाग नाही, दुकान नाही, दारातल्या बायकांशी गप्पा नाहीत. लोकांना लोकांशी जोडून देण्यात जन्म गेलेली बाई चार भिंतींत कायमची बसणार.

मिस्त्रींना त्या क्षणी हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची लगेच इतकी शरम वाटली की त्यांनी ताट बाजूला सारलं.

शुक्रवारी दुपारी ते पटाशी विसरले म्हणून मध्येच घरी आले. घरात सामसूम. स्वयंपाकघरात डोकावले तर सासूबाई बुटक्या स्टुलावर, डोळे मिटलेले, पाय लांब केलेला आणि कपाटाला टेकलेल्या.

"आई! पडलात काय?"

सासूबाई चोरी पकडल्यासारख्या दचकल्या. "नाही हो जावईबापू, पडतेय कसली. बसलेय. इथे जरा ऊब असते ना. दुपारी गुडघा टेकवून बसते. बरं वाटतं."

"ऊब? कशाला, फळीला?"

"हो. हात लावून बघा की."

मिस्त्रींनी तळहात टेकवला. लाकूड त्यांनी उभा जन्म हाताळलेलं. लाकूड आपणहून कधी गरम होत नाही. ऊन तापवतं नाही तर चूल. इथे ऊन येत नव्हतं आणि शेगडी पलीकडच्या भिंतीला होती. त्यांनी फळीला कान लावला. आत गुरगुर चालली होती.

"हा थांबतो का हो मध्येमध्ये?"

"कोण?"

"फ्रीज."

"छे. मी इथे बसते तेवढ्यात तर एकदाही नाही थांबलेला. माझे कान अजून शाबूत आहेत, जन्मभर तारेवर ठेवलेले. मला वाटलं, तुमचा फ्रीज असाच बडबड्या असेल."

मिस्त्री सावकाश उठले. जिन्यात मीटर होता. त्याच्यावर एक तांबडा ठिपका लुकलुकत असे; वीज जास्त ओढली की घाईने, कमी ओढली की सवडीने, एवढं त्यांना माहीत होतं. ते मीटरपाशी उभे राहिले आणि आत ओरडले, "आई, मी सांगतो ते एकेक बंद करत जा!"

"बोला!" आतून आवाज आला, आणि तो बरेच महिने न ऐकलेला, कचेरीतला खणखणीत आवाज होता. "पुढची खोली बंद! मागची खोली बंद! पंखा बंद!"

सगळं बंद झालं तरी ठिपका आपला लुकलुकतोच आहे. फ्रीज बंद करायचा तर पिन कपाटाच्या आत, कपाट बिनफट. म्हणून मग स्वयंपाकघराची सगळी वीज तोडणारी कळ पाडायला सांगितली. खाट झालं आणि ठिपका डोळा मिटून बसला.

नंतर त्यांनी आत जाऊन गिझरच्या डबीची खिटी काढली, बटण दाबलं आणि पुन्हा बाहेर आले. ठिपका पिसाटासारखा नाचायला लागला. बघा, पकडला, असं त्यांना क्षणभर वाटलंही. पण पाणी तापलं, गिझर आपोआप बंद पडला आणि ठिपका शांत झाला. म्हणजे गिझर मोठ्याने ओरडून गप्प बसणारा. आणि हा दुसरा, दिवसरात्र कुजबुजत खाणारा.

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर बसले. फ्रीज आतली उष्णता काढून मागून आणि अंगातून बाहेर टाकतो, तिला जायला वाट लागते. वाटच नाही म्हटल्यावर ती तिथेच कोंडणार, फ्रीज आणखी धापा टाकणार, दूध तरीही नासणार, आणि चकती वर गेली की तो कधी बसायचं नावच घेणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. आणि चोराला घर कोणी बांधून दिलं? मिस्त्रींनीच, स्वतःच्या हाताने, सुई जाणार नाही असं.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या मनात येऊन गेलं की रविवारी सासूबाई जातीलच. मग सवडीने, काहीतरी निमित्त काढून कपाट उघडावं. बिल उतरेल, नाव राहील, कोणाला पत्ता लागणार नाही. हा विचार माठातलं पाणी पिईपर्यंत त्यांच्याजवळ होता. मग त्यांनी भांडं पालथं घातलं आणि पलंगाखालून करवत ओढली.

"अहो, अहो! एवढं सुंदर कपाट!" सासूबाई ओरडल्या.

"आई, जरा बाजूला सरका. भुसा उडेल."

फ्रीज बाहेर निघेना. बोट घालायला जागा असेल तर निघेल ना! शेवटी एक बाजू कापून काढावी लागली. मागच्या जाळीवर धुळीचं पांघरूण पडलं होतं, ते झाडलं. कपाटाला खाली हवा शिरायला वाट केली, वर निघायला केली, दोन्ही बाजूंना हात जाईल इतकी जागा सोडली. चकती मधल्या आकड्यावर आणली. आपलंच सर्वांत चांगलं काम आपल्याच हाताने कापताना त्यांचे डोळे भुशाने भरले की आणखी कशाने, हे सासूबाईंनी विचारलं नाही.

संध्याकाळी बायको दारातच थिजली. स्वयंपाकघरभर भुसा, कपाटाच्या चिरफळ्या, आणि मध्ये नवरा.

"अगं, आईंमुळे नाही चढलं बिल," मिस्त्री म्हणाले. "माझ्यामुळे चढलं. या कपाटामुळे." आणि सासूबाईंकडे वळून, "आई, मी तुम्हाला काही बोललो नाही, पण मनात धरलं. चुकलं माझं."

सासूबाई "असू द्या हो, असू द्या" म्हणत राहिल्या. बायको भुशातच खाली बसली आणि रडली, आणि रडता रडता तिला त्या कापलेल्या कपाटाकडे बघून हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ते घर हसत होतं.

रविवारी मेहुणे आले. मिस्त्रींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "बॅग रिकामी न्या." पण सासूबाईच का-कू करू लागल्या. "अजून बिल कुठे आलंय? नाही उतरलं तर?"

"नाही उतरलं तर चौथ्या मजल्यावर मी जातो राहायला," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही इथेच थांबा." मेहुण्यांनी घाईघाईने चहा संपवला.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री करवत घेऊन तिन्ही गिऱ्हाइकांकडे गेले. सुई घरी ठेवली. आणि काय गंमत, प्रत्येक घरात एकेक आरोपी आधीच उभा होता! मुख्याध्यापक बाई नवऱ्याच्या दुपारच्या पंख्यावर उखडल्या होत्या. डॉक्टरांनी मुलाचा कॉम्प्युटर माळ्यावर टाकला होता. छापखानेवाल्यांनी तर वरच्या खोलीतल्या भाडेकरूला जागा सोडायला सांगितलं होतं. मिस्त्रींनी तिथेच भाडेकरूला खाली बोलावलं, त्याच्यासमोर फळीला हात लावायला लावला, आणि मग कपाट कापलं. तो माणूस त्यांचा हात धरून उभा राहिला तो सोडेचना. डॉक्टर मात्र भडकले. "चांगल्या कपाटाची वाट लावलीत," म्हणाले, आणि पुन्हा काही काम दिलं नाही. मिस्त्रींना वाईट वाटलं, पण झोप लागली.

बिल यथावकाश आलं. बायकोने दारातच उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, "हद्दीच्या आत." सासूबाईंनी ही बातमी फोनवरून जेवढ्या नातेवाइकांना कळवली, तेवढ्या फोनांचं बिल आता काय येईल ही वेगळी काळजी.

बिल उतरलं, पण सासूबाईंच्या मनातली धास्ती उतरली नव्हती. गिझरच्या बटणावरची डबी काढायची तशीच राहून गेली होती. झाकण उघडं असे, तरी त्यांचं बोट तिकडे वळत नसे. मुलगी पाणी तापवून देई तेव्हा त्या गरम पाण्याने आंघोळ करत; स्वतः होऊन कधी नाही. शेकायची पिशवी अजून बॅगेच्या तळाशीच होती.

हवा गार व्हायला लागली. एका दुपारी मिस्त्री घरीच होते. सासूबाई सवयीने स्टूल ओढून कपाटाशी बसल्या, गुडघा टेकवला, आणि फळीवरून हात फिरवत राहिल्या.

"काय हो आई?"

"काही नाही. ऊब गेली की हो." त्या ओशाळं हसल्या. "खरं सांगू का जावईबापू, माझ्या गुडघ्याला तुमचं जुनं कपाटच बरं होतं."

मिस्त्रींनी पेचकस आणला आणि गिझरवरची डबी काढून ओट्यावर ठेवली. बटण दाबलं. पाणी तापेपर्यंत सासूबाईंच्या बॅगेतून रबराची पिशवी शोधून काढली, भरली, टॉवेलात गुंडाळली आणि खाली बसून स्वतःच्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. सासूबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने डोळे पुसले.

मग त्यांचा हात ओट्यावरच्या डबीकडे गेला. त्यांनी झाकण लावून बघितलं, पण मग ते त्यांना उघडेना.

"केवढं घट्ट बसतं हो झाकण! टाकू नका ही. मला द्या, चष्मा ठेवायला होईल."

मिस्त्रींनी डबी घेतली. उलटसुलट करून बघितली. सुई जाणार नव्हती कुठेही. ते पटाशी घेऊन आले, झाकणाच्या कडेला नेटकी खाच पाडली, फुंकर मारून भुसा उडवला आणि डबी त्यांच्या हातात दिली.

"घ्या आई. आता बोट जाईल."